साठपट मायक्रोस्कोप: वाड्यातल्या ‘चिनी’ ताटल्या तपासायला कितपत कामाचा?

आपल्याकडे ‘चिनी मातीचं’ म्हटलं की सगळं एकाच टोपलीत जातं. लोणच्याची वर तपकिरी आणि खाली पांढरी बरणी चिनी मातीची, कपबशी चिनी मातीची, विजेच्या खांबावरचा इन्सुलेटरही चिनी मातीचाच. त्यामुळे आठवडी बाजारातला भांडेवाला किंवा पडका वाडा मोकळा करणारा कबाडी “दादा, ही चिनीच हाये, आबाजीच्या वक्ताची” असं सांगतो तेव्हा तो फसवत असतोच असं नाही. पण चीनमध्ये, जिंगदेझेनच्या भट्टीत भाजलेली, शंभर-दीडशे वर्षं जुनी ताटली ही फार वेगळी वस्तू आहे. ती ओळखायला नागपूर-मुंबईला धाव घेण्याआधी गावातल्या गावात काय करता येईल, त्यासाठी हा छोटा मायक्रोस्कोप वापरून पाहण्याजोगा आहे.

वस्तू साधी आहे. तळहातात मावणारी काळी प्लास्टिकची डबी. वर डोळा लावायचं भिंग, खाली वस्तूवर टेकवायची पारदर्शक कड, बाजूला फोकस फिरवायचं चाक, एक पांढरा एलईडी आणि एक जांभळा. आत एलआर ११३० जातीचे तीन बटण सेल. नोटा तपासायचा मायक्रोस्कोप म्हणून तो ऑनलाइन मिळतो, जवळपास एकाच साच्यातला माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, आणि साधारण दोनशे ते चारशे रुपयांत येतो. डबीवर ६० पट लिहिलेलं असतं. त्या आकड्यावर विसंबू नका. पोलादी पट्टीवर टेकवून पाहा, नजरेच्या वर्तुळात किती मिलिमीटर मावतात ते मोजा आणि लिहून ठेवा. पुढे ओरखड्याची रुंदी किंवा छपाईच्या ठिपक्याचा आकार सांगताना तोच आकडा उपयोगी पडतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. हे यंत्र ‘नाही’ म्हणायला उत्तम आहे, ‘हो’ म्हणायला अजिबात नाही. दहा सेकंदांत ते सांगेल की समोरची ताटली हाताने रंगवलेली नसून छापलेली आहे. पण हाताने रंगवलेली ताटली १८८० ची की १९८० ची, हे ते एकटं कधीच सांगणार नाही. हे पक्कं लक्षात ठेवून घेतलं तर चारशे रुपयांत याहून उपयोगी वस्तू नाही. पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण जांभळ्या एलईडीने घालवला आणि एक गुण बांधणीने. त्याचं पुढे येतंच.

आपल्या विदर्भात काय निघतं हे ठाऊक असेल तर काय शोधायचं ते कळतं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली. हिंगणघाट, खामगाव, कारंजा या कापसाच्या गावांचा मुंबईशी व्यवहार होता आणि मुंबईचा चीनशी. मालगुजार जमीनदारांच्या आणि वऱ्हाडातल्या देशमुखांच्या वाड्यांत हंड्या-झुंबरांसोबत दिवाणखान्यात मांडायला बशा, फुलदाण्या, झाकणाच्या बरण्या आल्या. पण त्यांतली बरीचशी भांडी चीनची नाहीत. हॉलंडच्या मास्ट्रिख्तमधल्या पेट्रस रेगू कारखान्याची, स्फिंक्सचा शिक्का असलेली ताटं, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरची निळी छापील ताटं, जपानी चहाचे संच, आणि आपल्याच देशातली स्टोनवेअरची, म्हणजे जाड, कडक भाजलेल्या मातीची बरणी. थानगढ, ग्वाल्हेर, खुर्जा ही त्यांची गावं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीलाही ग्रामोदय संघात मातीकाम आणि सिरॅमिकचं काम होत आलं आहे. ती सगळी भांडी आपापल्या जागी मोलाची आहेत. फक्त चिनी म्हणून त्यांचे पैसे मोजू नयेत.

खऱ्या चिनी मालात आपल्याकडे दिसण्याजोगे प्रकार थोडे. कँटनमध्ये रंगवलेली, गुलाबी-हिरव्या चौकटींत माणसं आणि फुलं-पक्षी असलेली एकोणिसाव्या शतकातली ताटं, ज्यांना बाजारात ‘रोज मेडॅलियन’ म्हणतात. निळ्या-पांढऱ्या आल्याच्या बरण्या, खांद्यावर फुगीर आणि वर टोपीसारखं झाकण. आणि तपकिरी झिलईचे, म्हणजे भाजून बसवलेल्या काचेसारख्या थराचे, मोठे बरणीवजा मर्तबान, ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून नाव पडलेले, पण ज्यांतले कितीतरी दक्षिण चीनमध्ये घडलेले आहेत. बाकी मिंग या जुन्या चिनी घराण्याच्या काळाची फुलदाणी तालुक्याच्या गावात मिळेल अशी आशा धरून कुणी निघू नये.

आता मायक्रोस्कोपचं खरं काम, म्हणजे छपाई ओळखणं. ताटली दुमडलेल्या गोधडीवर ठेवा. बोटातली अंगठी काढा. नक्षीच्या अशा जागी डबी टेकवा जिथे गडद रंग संपून फिका सुरू होतो. हाताने रंगवलेल्या निळ्या नक्षीत कुंचला टेकला तिथे रंग साचलेला दिसतो, उचलला तिथे पातळ होत गेलेला दिसतो, आणि एका फटकाऱ्यावर दुसरा आला तिथे पट्टा गडद होतो. कड कधी सरळ नसते. अलीकडच्या डिकॅलमध्ये, म्हणजे भाजून बसवलेल्या छापील कागदी नक्षीत, वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोसारखे वेगवेगळ्या रंगांचे ठिपके ओळीने बसलेले दिसतात. ते दिसले की तपास संपला. स्क्रीन छपाईच्या डिकॅलमध्ये ठिपके नसतात, पण रंग सगळीकडे एकसारखा सपाट आणि तिरप्या कडेला करवतीसारखे बारीक दाते. स्टॅफर्डशरच्या ताटांत तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या नक्षीचा ठसा असतो, म्हणून सगळी सावली बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी भरलेली दिसते. त्यांच्या काठावरच्या पट्टीत छपाईच्या कागदाचा जोड शोधा. एका जागी वेल अर्धवट तुटून दुसरीला नीट न जुळता चिकटलेला सापडतो. हे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं, फक्त एकदा कुणी दाखवावं लागतं. रबरी शिक्क्याने उठवलेल्या नक्षीत कडेला रंग जास्त आणि मध्ये विरळ असतो, जसा तलाठ्याच्या शिक्क्याचा.

याच वेळी दुसरी गोष्ट पाहून घ्यावी. रंग झिलईच्या खाली आहे की वर? फोकसचं चाक हळूहळू फिरवा. झिलईखालचा कोबाल्टचा निळा रंग असेल तर आधी वरचे बुडबुडे स्पष्ट होतात आणि मग त्यांच्याखाली निळा. वरून लावलेला रंग असेल तर रंगाची कड आधी स्पष्ट होते, तिच्यावर बुडबुडे नसतात, आणि नखाला बारीकसा उंचवटा लागतो. ‘खूप जुनी निळी-पांढरी’ म्हणून दाखवलेल्या वस्तूचा निळा झिलईवर बसलेला असेल तर तिथेच थांबावं.

बुडबुड्यांबद्दल बरंच काही सांगितलं जातं. लाकडाच्या भट्टीत लहान-मोठे मिसळलेले, गॅसच्या भट्टीत सगळे सारखे, म्हणून सारखे दिसले की नवीन. यावर निकाल देऊ नये. झिलई किती जाड, भट्टीत भांडं कुठे होतं, किती वेळ तापलं, यावर बुडबुडे बदलतात, आणि आज लाकडाच्या भट्टीत भाजून नकला करणारेही आहेत. नोंद करून ठेवा, पण वजन देऊ नका.

वजन द्यायचं ते झिजेला. खरी झीज हात लागतो, चमचा घासतो, दुसरं भांडं टेकतं तिथेच असते. ताटं एकावर एक रचून ठेवलेली असतात, म्हणून जुन्या ताटाच्या आतल्या भागावर वरच्या ताटाच्या बुडाच्या मापाची गोल फेरी उमटलेली असते. उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडला की ती दिसते, आणि मायक्रोस्कोपखाली तिथे असंख्य ओरखडे: कुठे रुंद, कुठे केसासारखे, सगळ्या दिशांना जाणारे, काही एकमेकांना छेदणारे, काहींच्या तळाशी काळपट मळ बसलेला, काही स्वच्छ. वर्षानुवर्षं साठलेल्या वापराची ही खूण नकली करायला कठीण आहे. सॅंडपेपर घासून केलेली झीज मात्र लगेच उघडी पडते. ओरखडे समांतर, जवळपास एकाच रुंदीचे, आणि सगळ्यांत सारखाच मळ. दुसरी युक्ती म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्लाने झिलईची चमक मारणं. त्यात खोलगट कोपरे, नक्षीच्या खाचा, बुडाच्या आतली बाजू, जिथे बोटही पोचत नाही, तीही तितकीच मलूल होते. साठपटीत पृष्ठभाग बारीक खड्ड्यांनी भरलेला, गारपिटीनंतरच्या टिनाच्या पत्र्यासारखा दिसतो. चढावर झीज आणि खाचेत चमक, असं असेल तर ठीक. सगळीकडे सारखं असेल तर भांडं खाली ठेवा.

रोज मेडॅलियनसारख्या वरून रंगवलेल्या भांड्यांवर आणखी एक खूण पाहायची. जुन्या मीन्याच्या, म्हणजे झिलईवर भाजून बसवलेल्या रंगाच्या, विशेषतः हिरव्या आणि निळ्या रंगाच्या भोवती पांढऱ्या झिलईवर पाण्यावरच्या रॉकेलच्या तवंगासारखी इंद्रधनुषी झाक येते. भांडं खिडकीपाशी तिरपं धरून डोळ्यांच्या पातळीवर आणलं की दिसते. यासाठी मायक्रोस्कोप नको, उलट तो घोटाळा करतो, कारण त्याचा एलईडी कुठल्याही चकचकीत जागेवर रंगीत चमक पाडतो. ही झाक नकली करण्याचेही प्रकार आहेत, म्हणून ती एकटी पुरावा नाही. सोन्याचा मुलामा मात्र मायक्रोस्कोपखाली पाहावा. जुना मुलामा काठावर आणि कडीवर, जिथे हात लागतो तिथे, तुटक झालेला असतो आणि खाली लालसर किंवा तपकिरी सावली उरते. काठभर अखंड पितळी चमक असेल आणि ताटाच्या आत भरपूर ‘झीज’ असेल, तर दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत.

गुलाबी रंगाविषयी एक तारीख उपयोगी आहे. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून होणारा हा गुलाबी चिनी पोर्सिलीनवर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या पांढऱ्या, काचेसारख्या भांड्यांवर, १७२० च्या सुमारास आला. त्याच्या आधीच्या राजवटीचा शिक्का आणि भांड्यावर गुलाबी, असं दिसलं तर शिक्का नंतरचा आहे.

शिक्क्याने आपल्याकडे सर्वांत जास्त फसवणूक होते, म्हणून थोडं थांबू. सहा अक्षरी शिक्का दोन उभ्या ओळींत असतो, वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचायचा. पहिलं अक्षर ‘दा’, म्हणजे महान, हात-पाय पसरून उभ्या माणसासारखं. दुसरं घराण्याचं. मिंग असेल तर त्यात सूर्य आणि चंद्र ही दोन चिन्हं शेजारी असतात, छिंग असेल तर डावीकडे पाण्याचे तीन थेंब. तिसरं आणि चौथं सम्राटाच्या राजवटीचं, शेवटची दोन ‘च्या काळात घडवलं’ अशा अर्थाची. एवढं ओळखता आलं तरी निम्मं काम होतं. पण शिक्का म्हणजे तारीख नव्हे. जुन्याचा मान ठेवण्यासाठी मागच्या राजवटीचा शिक्का लिहायची चिनी कारागिरांत रीतच होती. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचं नाव लिहायला बंदी केली, तेव्हा कांग्शी राजवटीतल्या (१६६२ ते १७२२) कितीतरी भांड्यांच्या बुडाशी नुसतं निळं दुहेरी वर्तुळ, एखादं पान, नाहीतर दोनशे वर्षं जुन्या चेंगहुआ राजवटीचं नाव आलं. उलट चार अक्षरी कांग्शी शिक्का असलेल्या, निळ्यावर पांढरी आलुबुखारची फुलं काढलेल्या आल्याच्या बरण्या सहसा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या निघतात. चियानलाँगचा (१७३६ ते १७९५) लाल शिक्का तर आजच्या नव्या मालावरही सर्रास असतो.

इंग्रजी अक्षरं दिसली तर काम सोपं. अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव लिहायची सक्ती केली ती १८९१ पासून. त्यामुळे नुसतं ‘चायना’ असेल तर त्यानंतरचं, आणि ‘मेड इन चायना’ असेल तर विसाव्या शतकातलं असं धरून चालावं. मायक्रोस्कोप इथे एकच गोष्ट सांगतो: शिक्का कुंचल्याने लिहिलाय की उठवलाय. पण तेवढंही पुष्कळदा पुरतं.

बूड पाहायची पद्धत आधी नीट करून घ्या, कारण इथे घाई नडते. भांडं धुण्याआधी बूड पाहायचं. आधी धुतलं की पुरावाच नाल्यात जातो. झिलई संपून कोरी माती सुरू होते ती बुडाची कड दिवसाच्या उजेडात बघा, मग डबी चार ठिकाणी टेकवा. खऱ्या जुन्या कडेवर मळ खोल खड्ड्यांत घट्ट बसलेला असतो आणि उंच कंगोरे घासून गुळगुळीत झालेले असतात. नकली मळ, म्हणजे चहाचं पाणी, पोटॅश परमँगनेट, बुटाचं पॉलिश, हा सालीसारखा सगळीकडे एकसारखा पसरतो, कधी कुंचल्याचे पट्टे दिसतात. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हलकेच दाबून धरा, फिरवू नका. कापूस लगेच तपकिरी झाला तर शंका घ्या. जुन्या भांड्यांत झिलईच्या कडेला नारिंगी रेघ येते ती मातीतल्या लोहाची. तीसुद्धा लोहाचं पाणी फासून आणतात, पण फासलेली रेघ झिलईवर चढते, भट्टीतली चढत नाही.

‘नांगरताना शेतात सापडली’ ही गोष्टही ऐकायला मिळते. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. भांड्याला चोळलेली माती वाळल्यावर पापड्यांसारखी तडकते आणि ओल्या कापसाने सहज निघते. वर्षानुवर्षं जमिनीत पडलेल्या भांड्याची माती खड्ड्यांत, भेगांत आणि झिलईच्या कडेखाली शिरलेली असते. आणि खरंच जमिनीत काही सापडलं असेल तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीच्या गाडलेल्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. अशा वस्तूचा परस्पर सौदा करू नये.

दोन कसोट्या यंत्राशिवायच्या. कोऱ्या बुडावर पाण्याचा एक थेंब ठेवा. कमी आचेवर भाजलेल्या मातीत तो मुरतो, पोर्सिलीनवर तसाच बसून राहतो. भांडं तळहातावर तोलून नखाने टिचकी मारा. अखंड पोर्सिलीनचा आवाज घंटीसारखा लांबतो, भेग असेल तर तो लगेच मरतो. मर्तबानाला ही कसोटी लावू नका. तो स्टोनवेअरचा, जाड भिंतीचा, त्याचा आवाज मुळातच दबका.

आता दुरुस्ती. तुटलेलं भांडं जोडून, रंग फासून, चमक आणून विकणं हा नकलेपेक्षाही मोठा धोका आहे. इथे जांभळा एलईडी उपयोगी पडावा, पण पडत नाही. तो नोटेतला धागा दाखवण्यापुरता आहे. त्याचा उजेड इतका जांभळा आणि कमजोर की सगळं भांडंच जांभळं दिसतं आणि दुरुस्तीचा भाग वेगळा उठत नाही. यासाठी ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, काळ्या फिल्टरचा वेगळा अतिनील (यूव्ही) टॉर्च घ्या. बाजारात ३९५ नॅनोमीटरचे स्वस्त टॉर्च खूप आहेत, त्यांचीही हीच अडचण. ३६५ चा टॉर्च अंधाऱ्या कोठीत भांड्यावर फिरवला की राळेने भरलेला आणि रंगवलेला भाग निळसर पांढरा किंवा पिवळट उठून दिसतो. त्या उजेडात थेट पाहू नका, चष्मा लावा. काही नव्या राळा चमकत नाहीत, म्हणून टॉर्चला दिसलं नाही म्हणजे दुरुस्ती नाही असं समजू नये. अशा जागी मायक्रोस्कोप परत कामाला येतो. रंग मारलेल्या भागात बुडबुडे नसतात, ओरखडे नसतात, फवाऱ्याचे बारीक ठिपके असतात, आणि खऱ्या झिलईच्या भेगा तिथे येऊन अचानक थांबतात.

मागच्या बाजूला धातूच्या टाचण्या मारून जोडलेलं ताट कधीकधी सापडतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्धवट भोकं पाडून त्यांत टाचण्या बसवलेल्या असतात, भोक आरपार नसतं. रासायनिक गोंद येण्याआधीचा हा जोड आहे. तो काढून नवा गोंद लावायचा मोह टाळा. हे भांडं त्या काळीही फेकण्यासारखं वाटलं नव्हतं, हे त्या टाचण्या सांगतात, आणि अभ्यासाला असं ताट स्वस्तात मिळालं तर जरूर घ्यावं. फुटका तुकडा तर त्याहून चांगला शिक्षक. पोर्सिलीनच्या ताज्या तुटीवर माती आणि झिलई एकजीव, पांढरी, काचेसारखी दिसते. मास्ट्रिख्तच्या ताटाची तूट खडूसारखी, आणि झिलई वर वेगळ्या सालीसारखी. दोन्ही तुकडे एकदा साठपटीत शेजारी पाहिले की विसरत नाहीत.

यंत्राच्या बांधणीच्या तक्रारी खऱ्या आहेत. टेकवायची कड कडक प्लास्टिकची, सोन्याच्या मुलाम्यावर ती ओरखडे पाडू शकते. तिच्यावर पातळ कापडी पट्टी चिकटवा. गोलसर भांड्यावर फक्त मधला भाग स्पष्ट येतो, कडा धूसर, म्हणून हळूहळू सरकवत पाहावं लागतं. एलईडी समोरून चमक मारतो. त्याच्यापुढे दुधी पिशवीचा छोटा तुकडा लावला की निळसर झगमग कमी होते. ओरखडे पाहताना तर एलईडी बंदच ठेवा आणि मोबाइलचा उजेड बाजूने, अगदी आडवा पाडा. भांड्याचा खरा रंग या यंत्रात ठरवू नका, सकाळी उत्तरेच्या खिडकीत ठरवा. फोकसचं चाक काही महिन्यांत सैल होतं. सेल आत राहिले तर गळतात आणि तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात. बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळले तर जिवावर बेततं. आपल्या उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या दिवशी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डबीतलं प्लास्टिक वाकतं आणि भिंग तिरपं होतं. पावसाळ्यात आत दव आणि मग बुरशी. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवली तर दोन्ही टळतं. जिनिंगच्या हंगामात कापसाचा बारीक तंतू भिंगावर बसतो आणि भांड्यावरचा ओरखडा वाटतो. दर वेळी आधी फुंकणीने हवा मारा, शर्टाने पुसू नका.

मोबाइलला जोडायचे यूएसबी मायक्रोस्कोपही आहेत. त्यांच्यावर हजार पट लिहिलेलं असतं, त्यातला मोठा भाग चित्र ताणून दाखवलेला असतो. फोटो काढून जाणकाराला पाठवायचा असेल तर तो चांगला, पण वाड्याच्या अंधाऱ्या माळ्यावर वायर, टेबल आणि स्थिर हात कुठून आणणार? तिथे खिशातली डबीच बरी. सर्वांत आधी मात्र दहापटीचं चांगलं भिंग घ्या, तीन काचांचं. बूड, काठ आणि शिक्का यासाठी तेच जास्त लागतं. साठपट हे दुसऱ्या क्रमांकाचं यंत्र आहे.

डोळा तयार करायला खरा माल पाहावा लागतो. चंद्रपूर-बल्लारशाहकडून हैदराबाद रेल्वेने सरळ आहे. तिथल्या सालारजंग संग्रहालयात चिनी पोर्सिलीन भरपूर मांडलेलं आहे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू आहेत. कपाटाच्या काचेतून मायक्रोस्कोप लागणार नाही, पण काठाची जाडी, बुडाची उंची, निळ्याची छटा डोळ्यांत भरून घेता येते, आणि नकली वस्तू बहुतेक तिथेच, म्हणजे घडणीत चुकते.

वयाचा पक्का पुरावा हवा असेल तर थर्मोल्युमिनेसन्स चाचणी असते. भांडं भट्टीत शेवटचं कधी तापलं ते तीत मोजतात. त्यासाठी भांड्यातून नमुना कोरून काढावा लागतो, म्हणून पातळ ताटाला ती परवडत नाही, आणि किरणोत्सर्ग देऊन तिलाही फसवता येतं. महागड्या वस्तूखेरीज तिच्या वाटेला जाऊ नये.

आणि कायदा. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरातन धरली जाते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. घेताना साध्या कागदावर का होईना विकणाऱ्याची सही, तारीख, वस्तूचं वर्णन आणि चारही बाजूंचे फोटो ठेवा. वाडा कुणाचा, वस्तू कुठल्या कोठीतून निघाली, हेही लिहून घ्या. १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर वाड्यांतलं सामान वाटण्यांत विखुरत गेलं, आणि एकाच संचातली ताटं आज तीन घरांत सापडतात. जोडीचं दुसरं ताट मिळालं की पहिल्याची शहानिशा निम्मी होते.

घेताना दोन जास्तीचे सेल सोबतच मागवा, एलआर ११३० तालुक्याच्या घड्याळवाल्याकडे दर वेळी मिळतीलच असं नाही. खोका उघडल्यावर पहिलं काम: नव्या कोऱ्या शंभराच्या नोटेवर टेकवून फोकस लागतो का ते पाहा. बारीक अक्षरं दोन्ही बाजूंना सारखी स्पष्ट दिसली नाहीत तर भिंग तिरपं बसलेलं आहे. परत पाठवा.